आतली बाजू

शिडीची चौथी पायरी होती, पाचवी नव्हती.
हातात कोर्टाची जुनी रजिस्टरं, सुतळीनं बांधलेली, बारा.
पडताना ती सोडली नाहीत.
पाय सोडला.

आप्पा बळवंत चौकातून रिक्षा निघाली तेव्हा
पाऊल माझ्याकडे बघत नव्हतं.
भलतीकडे तोंड करून बसलं होतं,
मानपान चुकलेल्या व्याह्यासारखं.
लकडी पुलापर्यंत मी त्याची समजूत काढत होते.

"बाहेरचं हाड मोडलंय, आतलं शाबूत आहे,"
तरुण डॉक्टर म्हणाला, आणि मला वाटलं
चला, निम्मं तरी वाचलं.
खांबेटे सरांनी फिल्म पुन्हा उजेडाला धरली.
"आतलं शाबूत आहे ना, मग ही फट कशाची?"
फट म्हणजे काळ्यात थोडं जास्त काळं,
पुठ्ठ्याच्या जाडीएवढं.
जे तुटलं होतं ते फिल्मवर येतच नाही.

आठ दिवस सूज.
कातडीला सुरकुत्या पडल्या की ऑपरेशन, म्हणाले.
बावन्न वर्षांत पहिल्यांदा
सुरकुत्यांची वाट पाहिली.

कमरेखाली बधिर. मधे हिरवा पडदा.
पलीकडे कुणाच्या तरी पायाला भोकं पाडत होते,
सहा स्क्रू मोजले मी, आवाजावरून.
मग सर म्हणाले, "ताण देऊन बघू."
मशीन टिकटिकलं.
"उघडतंय."

"प्लेट छान बसलीय सर. आतलं भरून येतं आपोआप,
बरेच जण हात लावत नाहीत."
"येतं भरून. कधी ढिलं येतं."

मुनीरचाचांनी मला पहिलं वर्षभर
कव्हराला हात लावू दिला नव्हता.
पुठ्ठा कुणीही चढवतं, पोरी,
पुस्तक कुठून उघडतं आणि कुठे थांबतं
ते दोऱ्याला माहीत.

मी पडद्याच्या अलीकडून म्हणाले,
"शिवा."

सगळे थांबले.
भूल देणाऱ्या बाई वाकून बघायला लागल्या,
"जाग्या आहात?"
म्हटलं, बाइंडिंग करते.
सर हसले नाहीत. म्हणाले,
"दोरा केव्हाच मागवलाय, दरोडेबाई. झोपा."

झोपले नाही.
हाडात खुंटी ठोकल्याचं ऐकलं, दोनदा, हलकेच.
मग काहीच ऐकू येईना, तेव्हा कळलं
गाठ ओढतायत.
गाठ ओढताना माणूस श्वास धरतो.
त्या खोलीत पाच जणांनी धरला.

सहा आठवडे पाय उशीवर, दुकान भाच्यावर.
त्यानं दोन गाइडं उलटी बांधली,
गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मग फिजिओची मुलगी: "टेकवा पाय, पण वीस किलोच.
घरी काटा आहे?"
दुकानात आहे. रद्दीचा.
शटर अर्धं ओढून पाऊल पारड्यात ठेवलं,
जिथे कालच कुणाचे तरी जुने दिवाळी अंक होते.
सतरा. अठरा. तिथेच थरथरलं.
रद्दीवाला असता तर म्हणाला असता, ओलं आहे, कमी धरा.

तरुण डॉक्टर टाके बघायला आला तेव्हा विचारलं,
नसतं शिवलं, तरी भरलं असतं का?
तो प्रामाणिक आहे. म्हणाला, असतंही.
"नक्की कळायला
तुम्हाला दुसरा पाय मोडावा लागेल."
नको, म्हटलं. राहू दे संशय.

आज कोर्टाचा कारकून आला, रजिस्टरांसाठी.
"फक्त वरचं कव्हर बदला हो,
आत कोण बघतंय."
मी पहिलं रजिस्टर हातात घेऊन उघडलं.
पानं एका बाजूला घसरली,
थांबायचं कुठे ते विसरल्यासारखी.

"चार दिवस लागतील," म्हणाले.
पाय स्टुलावर घेतला. घोट्याच्या आतल्या अंगाला
अजून खाज येते, संध्याकाळची.
भाच्याला म्हटलं, मेण आण.